नव्वद मोजायचे, मग पडदा

लोटन जिभाऊ उघड्या टीव्हीसमोर बसले की त्यांचा डावा हात पायजम्याच्या खिशात जायचा, आणि भिंतीतला प्लग निघेपर्यंत तो बाहेर यायचा नाही. सगळं काम उजव्या हाताने. स्क्रू काढणं, मीटर लावणं, सोल्डर मारणं, कपाळावरचा घामही उजव्याच हाताने पुसणं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हाताला काही इजा असेल. मी चौकशी केली तर म्हणाले, "दोन्ही हात मशीनमा टाकात ते करंट एक हातथीन दुसरा हातमा जास. मझार काय लागस?"

"छाती," मी म्हणालो.

"मंग? हात दोन शेत. छाती एकच शे."

हिशेब बरोबर होता, त्यामुळे माणूस मला आवडला.

शहाद्याला प्रकाशा रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. पाटीवर 'रेडिओ टीव्ही टेप दुरुस्ती' असं त्यांनी स्वतःच ऑइल पेंटने लिहिलेलं होतं. टेप हा शब्द काळाबरोबर आपोआप पुसट झाला होता आणि टीव्हीही त्याच मार्गाला लागला होता. मिक्सर आणि पंख्यांवर दुकान चाललं होतं. मी तिथून चार घरं सोडून राहतो आणि एका जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. म्हणून जिभाऊ मला नावाने हाक न मारता 'मापाडी' म्हणायचे. रागाने म्हणायचे की प्रेमाने, ते आवाजावर अवलंबून असे.

खिशातल्या हाताची सवय हळूहळू सगळ्या आयुष्यात पसरली होती. नमस्कार एका हाताने, अक्षता एका हाताने. त्यांच्या मुलाच्या, आशिषच्या, लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. जिभाऊ शेहेचाळीस फोटोंत आहेत. त्रेचाळीस फोटोंत डावा हात खिशात आहे. उरलेल्या तीन फोटोंत ते कमरेच्या खाली दिसत नाहीत.

दुसरी सवय होती पडदा तपासायची. टीव्ही चालू केला की ते उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून काचेजवळ नेत. हातावरचे केस उभे राहिले की मान डोलावत. "पंचवीस हजार व्होल्ट ऊनात."

"आले की नाही एवढंच यातून कळतं, जिभाऊ. पंचवीस की बावीस, ते कसं कळणार?"

"मापाडी, माले तेवढंच जोयजे."

तिसरी सवय म्हणजे सोमवार. कोणतीही वस्तू दुरुस्तीला टाकली की "सोमवारले येजो" असं सांगत. कोणता सोमवार, ते सांगत नसत. मी माझा एकवीस इंची टीव्ही त्यांच्याकडे टाकला. पावती क्रमांक २१२, तक्रार 'चित्र उड्या मारते'. पुढे सांगतोय ते घडलं तेव्हा त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती. लीप वर्षं धरून सतरा वर्षांत आठशे सत्त्याऐंशी सोमवार येतात. पहिले तीस-चाळीस सोमवार मी जाऊन आलो. मग आम्ही नवा टीव्ही घेतला, पण पावती मी फाइलला लावून ठेवली. पावती फाडणं माझ्या स्वभावात नाही.

आता पेटीबद्दल सांगतो.

मागच्या खोलीत माणसाएवढी उंच एक लाकडी पेटी उभी होती. वर पडदा, खाली एक दांडी आणि दोन लाल बटनं. व्हिडिओ गेमची पेटी. जिभाऊंनी ती तरुणपणी सुरतेहून आणली होती आणि टेम्पोत घालून यात्रा-यात्रांत फिरवली होती. सारंगखेडा, प्रकाशा, कुठे पाल टाकता येईल तिथे. जिभाऊ मशीन सांभाळत आणि सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पोरांची रांग सांभाळत. दुपारी रांग नसली की पेटी बंद पडली आहे असं लोकांना वाटू नये म्हणून वहिनी स्वतः खेळत. खेळ विमानाचा होता. दांडीने विमान हलवायचं, बटनाने गोळ्या सोडायच्या. लोकांना दाखवायला म्हणून सुरुवात झाली, आणि पाच-सहा यात्रांनंतर अशी वेळ आली की रांग लागली तरी वहिनी उठत नसत.

त्यांचा सर्वांत मोठा आकडा ४,८६,३५०. लाइट गेली की मशीन आकडा विसरून जाई, म्हणून जिभाऊंनी तो पेटीच्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवला. पाटीचाच रंग, पाटीचाच ब्रश.

पुढे आतलं गेमचं सर्किट जळालं. तसलं दुसरं मिळालं नाही. पेटीवर गोधड्या आल्या. पण पडदा शाबूत होता. दर दिवाळीला जिभाऊ गोधड्या उतरवत, नुसता पडदा चालू करत, हात काचेजवळ नेत, केस बघत आणि प्लग काढत. "म्हातारं जित्तं शे," असं घरात जाहीर करत. बारा दिवाळ्या हे चाललं.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास वहिनींना लकवा मारला. झटका हलका होता, पण उजवा हात आणि उजवा पाय ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले तीन महिने महत्त्वाचे, जेवढं करून घ्याल तेवढं परत येईल. आणि एक पिवळा रबरी चेंडू दिला. दिवसातून तीनदा, पन्नास-पन्नास वेळा दाबायचा.

चौथ्या दिवशी तो चेंडू आमच्या गच्चीवर सापडला. वहिनींनी डाव्या हाताने फेकला होता. मी परत घेऊन गेलो.

"वैनी, चेंडू."

"तुम्हीनच दाबा. मी काय कुत्रानं पिल्लू शे का चेंडूसंगे खेयाले?"

जिभाऊंनी समजावलं, आशिषने पुण्याहून फोनवर समजावलं, माझ्या बायकोने शपथ घातली. वहिनी हात पदराखाली घेऊन बसून राहिल्या. त्यांना चेंडू नको होता, आणि चेंडू दाबताना आपल्याकडे कोणी बघावं हे तर मुळीच नको होतं.

एके दिवशी मी कामावरून येत होतो. जिभाऊ दुकानाच्या पायरीवर बसले होते. समोर कुणाचा तरी मिक्सर उघडा पडला होता आणि त्याला त्यांनी हात लावला नव्हता.

"मापाडी, तीन महिना शेत. त्यामातून एकवीस दिन ग्यात."

मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी आपणहून सांगितलेला हा पहिला नक्की आकडा. आतून वहिनींचा आवाज आला, "पेटी चालू करा. बटन दाबसु. चेंडू नही दाबाव."

आशिष संगणकातला माणूस. त्याने आठवड्यात एक संगणक आणि बत्तीस इंची नवा टीव्ही पाठवला. संगणकात तोच विमानाचा खेळ घातलेला होता. दांडी आणि बटनं पेटीतलीच जोडली. वहिनी खुर्ची ओढून बसल्या, डावा हात दांडीवर, उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उचलून बटनावर ठेवली. आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

पाच मिनिटांत त्यांनी हात काढला. "हाई चांगलं नही. मी दाबस, इमान इचार करस, मंग गोळी सुटस."

आशिष फोनवर होता. तो हळूच म्हणाला, "आई, टीव्ही नवीन आहे. तुझा हात अजून थोडा हळू आहे, एवढंच."

खोटं बोलायचा त्याचा हेतू नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. पण वहिनींनी हात पदराखाली घेतला आणि दोन दिवस बाहेर काढला नाही. जेवणसुद्धा डाव्या हाताने.

मला वजनकाट्यावर एक गोष्ट शिकायला मिळाली आहे. वजन चुकीचं आलं की आधी काटा तपासायचा, मग माल. मी तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन गेलो. त्याच्यावर सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेता येतात. एकाच चौकटीत बटन आणि पडदा येईल असा तो ठेवला आणि स्वतःच्या बोटाने बटन दाबलं. माझ्या बोटाला लकवा नाही. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. बटन दबल्यापासून गोळी दिसेपर्यंत सव्वीस चित्रं. दहा वेळा करून पाहिलं. कधी पंचवीस, कधी सव्वीस. म्हणजे सेकंदाचा साधारण नववा भाग. टीव्ही प्रत्येक चित्र आधी आत घेऊन नटवत बसतो आणि मग दाखवतो, हे नंतर आशिषने कबूल केलं. त्याच्यातल्या सगळ्या सोयी बंद करूनही अठराच्या खाली गेलं नाही.

मी आत जाऊन सांगितलं, "वैनी, हात तुमना बरोबर शे. टीव्ही हळू शे."

त्या जिभाऊंकडे वळल्या. "देखा! मी कवयनी सांगस."

जिभाऊ उठले, पेटीवरच्या गोधड्या काढल्या, पडदा चालू केला आणि हात काचेजवळ नेला. केस उभे राहिले. जुन्या पडद्यात थांबायला जागाच नाही. तार जे सांगेल ते त्याच क्षणी काचेवर. "याले इचार कराले डोकंच नही," जिभाऊ म्हणाले.

अडचण एवढीच होती की नव्या संगणकाला तो जुना पडदा जोडायचा कसा. जुना पडदा सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेघा काढतो. हा आकडा जिभाऊंना पाठ होता, कारण आपले जुने टीव्ही सगळे त्याच गतीचे. संगणकाचं ग्राफिक्स कार्ड कमीत कमी साडेएकतीस हजार मागतं. जवळजवळ दुप्पट. तशीच तार लावली तर चित्र फाटतं, आणि पडदा तसाच चालू ठेवला तर आतला एक ट्रान्झिस्टर तापून मरतो.

"म्हातारा बैलले मोटरसायकलना मांगे बांधानं, अशी गोष्ट शे," जिभाऊ म्हणाले. "मोटरसायकलले हळू चालाडाले सांगनं पडी."

नव्या कार्डांना ती निळी, पंधरा भोकांची जुनी खोबण नसते. नंदुरबारला एक सायबर कॅफे बंद होत होता, तिथून मी जुनं कार्ड आणलं. बसमध्ये मांडीवर धरून. कार्डाला हळू चालायला सांगणारा प्रोग्रॅम आशिषने फोनवर बसून घालून दिला. बाकीचं जिभाऊंनी केलं. लाल, हिरवा, निळा अशा तीन तारा, त्यांची जमीन, म्हणजे अर्थिंगची तार, आणि रेघ कुठे संपली, चित्र कुठे संपलं हे सांगणाऱ्या दोन. पेटीला त्या दोन मिळून एकच लागत होती, म्हणून त्या एकत्र केल्या. कार्डातून रंग येतो पाऊण व्होल्टाहूनही कमी जोराचा. जुन्या पडद्याला तो ऐकूच जाईना. तेव्हा मध्ये एक हाताच्या पंजाएवढं सर्किट बनवून आवाज मोठा करावा तसा रंग मोठा केला. हे सगळं डावा हात खिशात ठेवून, सतरा दिवस.

पडद्याला तार लावण्याआधी मी माझं मीटर लावून गती मोजली.

"पंधरा हजार सातशे वीस," मी म्हणालो. "पंच्याण्णवनं जास्त आहे जिभाऊ. अर्ध्या टक्क्यापेक्षा थोडं वर."

"चालस. लगीनमा यानापेक्षा जास्त फरक चालाडी लेतस."

पडदा लावला. विमान आलं. मागे खुर्चीवर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "आभाय लाल कसाले?"

जिभाऊंनी प्लग काढला, सगळ्यांना दिसेल असा जमिनीवर ठेवला, लाल आणि निळी तार बदलली. आभाळ निळं झालं.

एक कटकट राहिली. कार्डाला हळू चालायचा हुकूम संगणक पूर्ण जागा झाल्यावर मिळतो. तोपर्यंत ते आपल्या साडेएकतीस हजारांच्या चालीने धावत असतं. म्हणून संगणक आधी चालू करायचा, तो जागा होऊ द्यायचा, आणि मगच पडदा. मी दहा वेळा घड्याळ लावलं. कमीत कमी चौसष्ट सेकंद, जास्तीत जास्त एकाहत्तर. सुरक्षित म्हणून नव्वद ठरवले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पेटीवर टांगलं: 'आधी संगणक. नव्वद मोजायचे. मग पडदा.'

जिभाऊंनी पुठ्ठा वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "रविवारले उद्घाटन."

मी म्हटलं, वहिनींना आत्ताच बसवा ना. पण नाही. त्यांच्या हातून कोणतंही मशीन नारळ फोडल्याशिवाय आणि पाहुण्याच्या हाताने बटन दाबल्याशिवाय चालू झालेलं नव्हतं. यात्रेतही पहिला खेळ गावच्या पाटलाचा असे. आता पाहुणे कोण? तर म्हसावदचे हिरामण नाना, म्हणजे आशिषचे सासरे. आशिषच्या लग्नात त्यांना फेटा बांधायला उशीर झाला होता, ते सहा वर्षांनीही त्यांच्या बोलण्यात येत असे. तो मान भरून काढायची ही संधी होती. आणि नानांना बोलावलं म्हटल्यावर वहिनींचे थोरले भाऊ, प्रकाशाचे आत्माराम आप्पा, यांना न बोलावून चालणार नव्हतं.

रविवारी सकाळी मला मिलमध्ये दोन गाड्यांचं वजन करायचं होतं. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. त्या वीस मिनिटांत काय घडलं, ते मला माझ्या बायकोने सांगितलं.

नाना संगणकाच्या आणि पडद्याच्या बटनांकडे बघत म्हणाले, "दोन बटनं शेत म्हणे. पहिलं मी दाबसु. पोर देयेल शे मी या घरले."

आप्पा म्हणाले, "पोर तुम्हीन दिधी, ते बहीण आम्हीन दिधी. तीस वरिस पहिले. पहिलं बटन मन्हं."

जिभाऊ मध्ये पडले. "दुसरं बटन बी मोठंच शे. चित्र दुसरा बटनवरच येस."

"मंग याहीले दाबू द्या दुसरं," आप्पा म्हणाले.

"नही नही, आप्पासले द्या," नाना म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ही त्यांची उठून जायची खूण होती. लग्नातही त्यांनी आधी टोपीच काढली होती.

आणि चाळीस वर्षं एका हाताने काम करणाऱ्या, प्लग जमिनीवर ठेवल्याशिवाय तारेला न शिवणाऱ्या लोटन जिभाऊंनी व्याह्याची टोपी बघून काय करावं? त्यांनी मंडपवाल्याचा एक लांब बोर्ड मागवला, संगणक आणि पडदा दोन्ही त्याच्यात खोचले, आणि बोर्डाच्या एकाच बटनावर झेंडूचं फूल ठेवलं. दोघांनी मिळून दाबायचं. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. हार घालताना माझा पुठ्ठा हाराखाली गेला.

मी दारात पोचलो तेव्हा नारळ फुटला होता. मला ती एकच वायर दिसली. "नव्वद!" मी ओरडलो. लोकांना वाटलं मी काहीतरी घोषणा देतोय. टाळ्या वाजल्या. नाना आणि आप्पा यांच्या दोन तर्जन्या एका बटनावर टेकल्या.

पडद्यावर चित्र आलं, पण एकाची दोन झालेली आणि मधून फाटलेली. पेटीतून बारीक शिट्टी निघाली. मी बोर्डाकडे धावलो. मधे खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. मी दुसऱ्या रांगेत असताना पेटीतून 'टप' असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि मागच्या जाळीतून धुराची एक सरळ रेघ वर गेली.

नानांनी ती रेघ छतापर्यंत पाहिली आणि विचारलं, "पहिलांदा असाच धूर निंघस का, याही?"

जिभाऊ म्हणाले, "हा... थोडाक निंघस."

मग त्यांनी दोघा पाहुण्यांना जेवायला बसवलं आणि शेवभाजी स्वतः वाढली. एका हाताने. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. वहिनी मात्र पेटीसमोरच्या खुर्चीवर तशाच बसून होत्या. उजव्या हाताची बोटं त्यांनी सकाळीच बटनावर नीट ठेवली होती. बराच वेळ त्यांनी ती काढली नाहीत.

तो एकोणपन्नासावा दिवस होता.

मेला होता तो रेघांचा ट्रान्झिस्टर. बाकी सगळं वाचलं. जिभाऊंनी नंदुरबारहून एक आणवला, तो दोन मिनिटांत गेला. दुसरा धुळ्याहून, तो चार मिनिटांत. तिसरा चालूच झाला नाही. बाहेरून नंबर तोच, आतून काहीतरी भलतंच. "बठा नकली," जिभाऊ म्हणाले. "अस्सल ते आते जुना टीव्हीमाच भेटी."

त्यांच्या दुकानात जुने टीव्ही अडतीस होते. मी मोजले होते. मग अडचण काय, ते मला कळेना. असे दहा दिवस गेले. जिभाऊ माझ्याशी बोलायचे टाळू लागले. मी दुकानासमोरून गेलो की ते मिक्सरमध्ये डोकं घालत.

शेवटी वहिनींनीच मला हाक मारली. "भाऊ, सदतीस टीव्ही यासनी कवयच पोखरी टाकात. एकच आख्खा शे. तो तुमना."

"मग?"

"तुमले इचाराले यासले लाज वाटस."

मी जिभाऊंसमोर जाऊन उभा राहिलो. ते मिक्सरकडे बघत म्हणाले, "गिऱ्हाइकनी वस्तू शे, मापाडी. दुरुस्त करीसन देवाना शब्द देयेल शे."

"सतरा वर्षं झाली जिभाऊ. झाला नाही का दुरुस्त?"

"तो ते पहिला हप्तामाच झाया. पुढलं एक बटन येवानं बाकी व्हतं."

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आठशे सत्त्याऐंशी सोमवार, एका बटनासाठी. मी घरी गेलो, फाइलमधून पावती काढली आणि त्यांच्या समोर ठेवली.

"हाई काय?"

"पावती क्रमांक दोनशे बारा. आणि आज सोमवार आहे."

जिभाऊंनी पावती उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचली. मग माझा टीव्ही फळीवरून उतरवला. त्याला प्लग लावलेलाच नव्हता, तरी वायरचं टोक सगळ्यांना दिसेल असं जमिनीवर ठेवलं. आणि डावा हात खिशातून काढून दोन्ही हातांनी मागचं झाकण उचललं.

तासाभरात पडदा चालू झाला. जिभाऊंनी हात काचेजवळ नेला. मीही नेला. दोघांचे केस उभे राहिले. या वेळी नारळ नाही, पाहुणे नाहीत. वहिनी बसल्या. पहिल्या दिवसाचा आकडा १,१४०. यात्रेतलं शेंबडं पोरही याहून जास्त करायचं, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि पुन्हा बटन दाबलं. सव्वीस दिवस उरले होते.

नव्वद सेकंदांचा प्रश्न जिभाऊंनी कायमचा सोडवला. पडद्याची वायर त्यांनी भिंतीतून ओढत थेट स्वयंपाकघरात नेली आणि बटन ओट्याशेजारी बसवलं. संगणकाचं बटन दुकानात, पडद्याचं स्वयंपाकघरात. व्याही आणि मेव्हणा दोघे उभे केले तरी ती एका बोर्डावर येणार नाहीत अशी व्यवस्था. आणि ते बटन दाबायला जायचं वहिनींनी. "मन्हा खेय शे, मीच जासु," असं त्याच म्हणाल्या.

मी घड्याळ लावलं. दुकानातलं बटन दाबून, भिंत धरत, उजवा पाय ओढत वहिनी ओट्यापाशी पोचल्या तेव्हा एकशे चाळीस सेकंद झाले होते. मोजायची गरजच नव्हती. पुढच्या आठवड्यात एकशे अठरा. मग एकशे दोन. मी रोज कामावरून येताना थांबायचो आणि आकडा पेटीच्या बाजूला खडूने लिहायचो, ४,८६,३५० च्या खाली.

एका संध्याकाळी वहिनी आत गेल्या आणि जिभाऊ, जे कधी घड्याळाकडे बघत नसत, एकदम ओरडले, "थांब! दाबू नको! चौऱ्याऐंशीच झायात! सहा मोज!"

आतून वहिनी मोठ्याने मोजू लागल्या. एक, दोन, तीन. सहाच्या पुढेही मोजत राहिल्या, अकरापर्यंत. पडदा लागला. जिभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "मापाडी, आते बाईले नव्वदनी सवय लावनी पडी."

डॉक्टरांच्या तीन महिन्यांच्या अखेरीस वहिनी सत्तावन्न सेकंदांत पोचत होत्या आणि उरलेले तेहेतीस ओट्याला टेकून मोजत होत्या. उजव्या हाताने चमचा धरू लागल्या. सही जमली नाही. विमानाचा आकडा एक लाख बारा हजार चारशेपर्यंत गेला. जुना आकडा काही आला नाही, आणि येईलसं मला वाटत नाही. जे आलं ते मी लिहून ठेवलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आशिष त्यांना पुण्याला घेऊन गेला. दुकान बंद झालं. टेम्पोत सगळ्यात आधी पेटी चढली, गोधड्यांत गुंडाळून. तिच्यात माझ्या टीव्हीचा ट्रान्झिस्टर. जिभाऊंनी मला शेवटचा प्रश्न विचारला तो असा, "आशिषना घरमा हॉलथीन किचन नऊ पावलंच शे म्हणे. कसं व्हई?"

"मोजतील त्या," मी म्हणालो. "जिभाऊ, माझा टीव्ही?"

त्यांनी जराही विचार न करता सांगितलं, "सोमवारले येजो."

ते टेम्पोत पुढे बसले. ड्रायव्हरशेजारी मधे जिभाऊ, आणि डाव्या खिडकीशी वहिनी. मी त्याच बाजूला रस्त्यावर उभा होतो. टेम्पो सुरू झाला तेव्हा जिभाऊंनी उजवा हात उचलून मला एका हाताचा नमस्कार केला. डावा हात खिशात नव्हता. तो वहिनींच्या उजव्या हातात होता, आणि वहिनी समोर रस्त्याकडे बघत तो दाबत होत्या. दाबायच्या, सोडायच्या, पुन्हा दाबायच्या.

टेम्पो वेग घेईपर्यंत मला खिडकीतून दिसत होतं. तेवढ्यात अकरा वेळा झालं.